खोबण राखण्याची विद्या

संदीप सावंत यांचा 'श्वास' हा चित्रपट 2004 मध्ये मराठी प्रेक्षकांसमोर आला, तोवर लहान मुलाच्या डोळ्याला कर्करोग होतो हे कित्येकांच्या गावीही नव्हते. कोकणातला परशुराम, त्याचा हात धरून शहरात आलेले आजोबा, आणि जीव वाचवायचा तर दोन्ही डोळे काढावे लागतील हे डॉक्टरांचे म्हणणे, एवढीच कथा. माधवी घारपुरे यांनी ती एका खऱ्या घटनेवरून लिहिली होती. चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कारांतले सुवर्णकमळ मिळाले, भारताची प्रवेशिका म्हणून तो ऑस्करलाही गेला. शस्त्रक्रियेनंतर परशुराम काळा चष्मा लावून गावी परततो. त्या चष्म्याआडच्या खोबणीचे काय, हा प्रश्न चित्रपटाने विचारला नाही आणि विचारायचे कारणही नव्हते. आमचे काम मात्र तिथूनच सुरू होते.

डोळा काढल्यावर उरणाऱ्या जागेचे काय करायचे, ती कशी भरायची, पापण्यांना आधार कशाचा द्यायचा, वर्षानुवर्षे कृत्रिम डोळा नीट बसावा म्हणून कोणती काळजी घ्यायची, याचे एक पूर्ण शास्त्र आहे. नेत्रवैद्यकात ते ऑक्युलोप्लास्टी या शाखेत येते. मराठीत त्यावर फारसे लिहिले गेलेले नाही. हे पुस्तक नेत्रविभागात नुकत्याच रुजू झालेल्या निवासी डॉक्टरांसाठी आहे, परिचारिका आणि ऑप्टोमेट्रिस्ट यांच्यासाठी आहे, आणि ठाण्यात, कल्याणमध्ये, डोंबिवलीत गल्लीच्या तोंडाशी दवाखाना चालवणाऱ्या फॅमिली डॉक्टरांसाठी तर आहेच. मोठ्या इस्पितळातून घरी आलेला रुग्ण खोबणीतून पाणी येते म्हणून पहिल्यांदा त्यांच्याचकडे जातो. घरातल्या कुणाचा डोळा काढावा लागला असेल तर त्या घरानेही हे वाचावे. अवघड वाटेल ते प्रकरण सोडून पुढे जायला हरकत नाही.

मला सांगायचे आहे ते आधीच सांगून टाकतो. डोळा काढणे हे एक ऑपरेशन आणि खोबण बांधणे हे दुसरे, असे आपल्याकडे सर्रास धरले जाते. पहिले तातडीचे, दुसरे 'पुढे बघू' या सदरातले. प्रत्यक्षात डोळा काढणाऱ्या सर्जनने पहिल्याच दिवशी टेबलावर जे केले किंवा करायचे सोडले, त्यावर त्या माणसाचा चेहरा वीस वर्षांनी कसा दिसेल ते ठरते. पहिली संधी सर्वांत चांगली असते. नंतरची प्रत्येक शस्त्रक्रिया आधीच्या व्रणांशी झगडत करावी लागते.

हे का, ते आकड्यांत पाहू. प्रौढ माणसाची डोळ्याची हाडाची खोबण साधारण 30 मिलिलिटरची. त्यात डोळ्याचा गोल सुमारे 24 मिलिमीटर व्यासाचा, म्हणजे जवळपास 7 मिलिलिटर. उरलेल्या जागेत चरबी, सहा स्नायू, मज्जातंतू, रक्तवाहिन्या आणि अश्रुग्रंथी. डोळा काढला की हे 7 मिलिलिटर एका क्षणात रिकामे होतात. ती भर परत कुठून आणायची? वरून बसवायचा कृत्रिम डोळा म्हणजे पुढून बाकदार, मागून खोलगट अशी ॲक्रिलिकची वाटी. ती साधारण 2 ते 2.5 मिलिलिटर भरून काढते. बाकीची भर आत, खोल, कायमच्या गोळ्यानेच द्यावी लागते. रुग्ण त्याला 'आतला बॉल' म्हणतात, आम्ही इम्प्लांट म्हणतो.

गोलाचे घनफळ व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, हे गणित दहावीनंतर कुणी वापरत नाही, इथे वापरावे लागते. 16 मिलिमीटरच्या गोळ्याचे घनफळ भरते 2.1 मिलिलिटर. 18 मिलिमीटरचे 3, 20 चे 4.2, 22 चे जवळपास 5.6. हातात घेतले तर 16 आणि 20 च्या गोळ्यांत डोळ्याला जाणवेल असा फरक फारसा नाही, पण 16 चा गोळा 20 च्या निम्मीच जागा भरतो. कपाटात 16 चाच होता म्हणून तोच बसवला, असे घडते. तेवढ्याने माणसाच्या वरच्या पापणीवर कायमचा खड्डा पडतो.

भर अपुरी राहिली की काय होते, हे ए. जी. टायर्स आणि रिचर्ड कॉलिन यांनी 1982 मध्ये एकत्र मांडले. आतली चरबी आणि स्नायू खाली, मागे सरकतात. वरच्या पापणीच्या वर खोल खाच दिसू लागते. पापणी झुकते. कृत्रिम डोळा आत गेल्यासारखा दिसतो, म्हणून बनवणारा तो अधिक जाड करतो. मग त्या वजनाने खालची पापणी ढिली पडत जाते आणि काही वर्षांत डोळा बाहेर निसटू लागतो. रुग्ण म्हणतो, 'डोळा सैल झालाय, घट्ट करून द्या.' सैल झालेला असतो तो पापणीचा पट्टा, आणि मूळ दुखणे असते आतल्या भरावाचे. जाड डोळा हा त्यावरचा उपाय नव्हे, पण सगळ्यांत जास्त केला जातो तो हाच. आमच्या क्षेत्रातली निम्मी डोकेदुखी या एका गैरसमजातून येते, असे माझे मत आहे.

आता शस्त्रक्रियांची नावे. ती तीन आहेत आणि रुग्णाच्या कागदावर तिन्हींसाठी बहुधा 'डोळा काढला' एवढेच लिहिलेले असते. इव्हिसरेशनमध्ये, नारळातले खोबरे खरवडून करवंटी तशीच ठेवावी, तसे डोळ्यातले सगळे काढून पांढरे कवच जागेवर ठेवतात. स्नायू कवचाला जसेच्या तसे चिकटलेले राहतात, त्यामुळे पुढे कृत्रिम डोळा हलतो चांगला. इन्यूक्लिएशनमध्ये संपूर्ण गोल, दृष्टीमज्जेच्या तुकड्यासकट, बाहेर येतो. डोळ्यात गाठ असेल किंवा तशी शंका जरी असेल, तर हाच मार्ग, कारण कवच ठेवले तर त्यासोबत रोगही राहू शकतो. तिसरे एक्झेंटरेशन. त्यात खोबणीतले जवळपास सर्व काही, कधी पापण्यांसकट, काढावे लागते.

पहिल्या दोहोंत कोणते निवडावे यावर शंभर वर्षे वाद झाला. वादाच्या मुळाशी एक दुर्मिळ पण भयंकर आजार होता; कवच मागे ठेवले तर तो होईल अशी भीती होती. एका डोळ्याला खोल जखम झाली की शरीराची प्रतिकारशक्ती कधी कधी दुसऱ्या, धडधाकट डोळ्यावरही उलटते. लुई ब्रेल यांना लहानपणी वडिलांच्या कारखान्यात एका डोळ्याला इजा झाली आणि दुसराही गेला, तो असाच गेला असे मानले जाते. म्हणून फुटलेला डोळा वाचण्यासारखा नसेल तर दोन आठवड्यांच्या आत काढावा, अशी जुनी शिकवण. आज सूज आटोक्यात ठेवणारी औषधे आहेत आणि या आजाराचे प्रमाणही फारच कमी दिसते, त्यामुळे पहिल्याच रात्री घाईघाईने डोळा काढण्याचे दिवस गेले. आधी जखम शिवायची, रुग्णाला आणि घरच्यांना समजून घ्यायला वेळ द्यायचा, मग ठरवायचे. माझ्या मते हा वेळ देणे हाही उपचाराचाच भाग आहे. आदल्या दिवशीपर्यंत दोन डोळ्यांनी पाहणाऱ्या माणसाकडून भूल देण्याआधी पाच मिनिटांत सही घेतली, तर त्याला पुढे सारखे वाटत राहते की घाई केली नसती तर डोळा वाचला असता.

टेबलावर नेमके काय होते ते एकदा जवळून पाहू, म्हणजे पुढची प्रकरणे सोपी जातील. इन्यूक्लिएशनमध्ये बुबुळाच्या कडेने पातळ आवरण गोलाकार सोडवतात. कात्री आवरणाच्या लगत चालवायची, एक मिलिमीटरही वाया घालवायचा नाही, कारण पुढे खोबणीचे अस्तर व्हायचे ते हेच. मग एकेक सरळ स्नायू आकड्यावर उचलून, टाका बांधून, डोळ्यापासून सोडवतात. या वेळी भूलतज्ज्ञ मॉनिटरवर नजर ठेवून असतो. स्नायू ओढला की हृदयाची गती एकदम मंदावू शकते. आशनर आणि दानिनी या दोघांनी 1908 मध्ये स्वतंत्रपणे नोंदवलेली ही प्रतिक्रिया आजही टेबलावर सगळ्यांना क्षणभर गप्प करते. ओढ सोडली की ठोके परत येतात. दृष्टीमज्जा कापल्यावर काही मिनिटे दाबून रक्त थांबवायचे, घाई करायची नाही. गोळा खोल, आतल्या आवरणाच्याही मागे बसवायचा. चारही स्नायू त्याच्या पुढे किंवा त्याच्यावरच्या वेष्टनाला शिवायचे. हे वेष्टन बऱ्याचदा नेत्रपेढीतून मिळालेल्या पांढऱ्या कवचाचे असते. नेत्रदानातून बुबुळावरच्या पटलाखेरीज हेही मिळते, हे आवर्जून सांगितले पाहिजे. मग दोन थर ताण न देता बंद करायचे. ताण राहिला तर काही महिन्यांत टाका उसवून गोळा डोकावू लागतो. शेवटी पापण्यांच्या आत कन्फॉर्मर नावाची पारदर्शक वाटी ठेवतात. जखम भरेपर्यंत पापणीमागचे खळगे आक्रसू नयेत एवढेच तिचे काम. साधारण सहा आठवड्यांनी कृत्रिम डोळ्याचे माप घेता येते. या सहा आठवड्यांत कन्फॉर्मर निसटून पडला आणि रुग्णाने तो रुमालात बांधून पुढच्या तारखेला आणला, तर तोवर बरेच नुकसान झालेले असते. पडला तर त्याच दिवशी या, हे घरी जाताना दोनदा सांगावे.

गोळ्याचा इतिहास मजेदार आहे. युरोपात डोळा पद्धतशीर काढण्याचे तंत्र 1841 च्या सुमारास बसले, पण रिकाम्या जागी काही ठेवावे हे सुचायला आणखी चार दशके गेली. मँचेस्टरच्या फिलिप म्यूल्स यांनी 1880 च्या दशकाच्या मध्यावर कवचात काचेचा पोकळ गोळा बसवला. शंभर वर्षांनी, 1985 च्या सुमारास, अमेरिकेत आर्थर पेरी यांनी समुद्रातल्या प्रवाळापासून बनवलेला हायड्रॉक्सीॲपेटाइटचा गोळा आणला. त्याच्या सूक्ष्म छिद्रांतून रक्तवाहिन्या आत वाढतात आणि गोळा शरीराचाच होऊन जातो. मग सच्छिद्र पॉलिएथिलीन आले, ॲल्युमिनाचे आले. या गोळ्यात खुंटी बसवून कृत्रिम डोळा तिला अडकवायचा, म्हणजे तो खऱ्यासारखा भिरभिरेल, अशी एक लाट येऊन गेली. जंतुसंसर्ग आणि स्राव यांमुळे ती ओसरली. आपल्याकडे साधा, गुळगुळीत ॲक्रिलिकचा गोळा अजून भरपूर वापरला जातो, आणि नीट मापाचा, नीट खोलीवर बसवलेला स्वस्त गोळा हा चुकीच्या मापाच्या महाग गोळ्यापेक्षा केव्हाही बरा. नव्या सर्जनांना हे पटवायला वेळ लागतो.

बाहेरच्या डोळ्याची कथा वेगळी. काचेचे डोळे जर्मनीतल्या लाउशा गावचे, तिथल्या काचकारांचे. दुसऱ्या महायुद्धात तो पुरवठा बंद पडला आणि अमेरिकी सैन्यातल्या दंततंत्रज्ञांनी कवळीच्या ॲक्रिलिकपासून डोळे घडवायला सुरुवात केली. त्या नात्यामुळे आजही भारतात कृत्रिम डोळा बऱ्याच ठिकाणी दंत महाविद्यालयाच्या प्रोस्थोडॉन्टिक्स विभागात बनतो. ठाण्याच्या रुग्णाला 'डोळ्यासाठी दातांच्या कॉलेजात जा' असे सांगितले की तो आधी आमच्या तोंडाकडे बघतो, मग चिठ्ठीकडे.

तयार मिळणारे डोळे आणि मापाने घडवलेला डोळा यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तयार डोळ्याचे पांढरे नको इतके पांढरे असते. आपल्या लोकांच्या डोळ्याचा पांढरा भाग किंचित पिवळसर, बुबुळाच्या कडेला तपकिरी डागाचा असतो. मापाने डोळा घडवताना दाताचा ठसा घेतात तसाच खोबणीचा ठसा घेतात, मेणाचा साचा पापण्यांखाली घालून पाहतात, रुग्णाला खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात बसवून दुसऱ्या डोळ्याकडे बघत बघत बुबुळ रंगवतात, आणि रक्तवाहिन्यांसाठी लाल रेशमाचे बारीक धागे वरच्या थरात बसवतात. ट्यूबलाइटखाली रंगवलेला डोळा उन्हात लगेच ओळखू येतो. हे काम करणारा ऑक्युलरिस्ट म्हणजे आमच्या शाखेचा दुसरा हात. असे प्रशिक्षित लोक आपल्याकडे फारच थोडे आहेत, आणि त्यांचे म्हणणे सर्जनने ऐकायला शिकले पाहिजे. गोळा बसवताना खालचा खळगा उथळ राहिला की नाही, हे सर्जनपेक्षा त्यांना आधी कळते.

गेलेला अवयव पुन्हा घडवण्याची विद्या महाराष्ट्राला नवी नाही, हे मात्र अभिमानाने सांगण्यासारखे. टिपूच्या युद्धात कैद होऊन नाक कापले गेलेला, इंग्रज फौजेत बैल हाकणारा कावसजी नावाचा मराठा पुण्याजवळ एका वीटकाम करणाऱ्या समाजातल्या कारागिराकडे गेला. त्याने कपाळाची कातडी खाली वळवून नवे नाक केले. दोन इंग्रज डॉक्टरांनी ते पाहिले, आणि ऑक्टोबर 1794 च्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये त्याचे चित्रासह वर्णन आले. लंडनचे जोसेफ कार्प्यू यांनी ते वाचून 1814 मध्ये हीच शस्त्रक्रिया केली आणि 1816 मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. पापणीचा आतला कोपरा किंवा रिकामी झालेली खोबण झाकायला कपाळाचा तोच पट्टा आजही वापरला जातो. त्या कारागिराचे नाव कुणी टिपून ठेवले नाही.

डोळे जातात कशाने, हे काळानुसार बदलत गेले. आपल्या आजी-पणजीच्या पिढीत एक मोठे कारण होते देवी. देवीत डोळ्यात फूल पडायचे, डोळा सुकून बारीक व्हायचा. भारतात देवीचा शेवटचा रुग्ण 1975 मध्ये सापडला, त्यानंतर ते कारण संपले. सध्या ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात दिसतात ती कारणे वेगळी: दिवाळीतला सुतळी बॉम्ब, बांधकामावर हातोडा मारताना उडालेला लोखंडाचा कण, लोकलच्या दारात उभ्या प्रवाशाला रुळाकडेने आलेला दगड, काचबिंदूने आधीच आंधळा झालेला आणि आता दुखणारा डोळा, वेल्डिंगच्या दुकानातला गॉगल न घालणारा मुलगा. डोंबिवलीच्या एमआयडीसीत 26 मे 2016 रोजी प्रोबेस कंपनीत आणि 23 मे 2024 रोजी अमुदान केमिकल्समध्ये स्फोट झाला, तेव्हा आसपासच्या इमारतींच्या खिडक्यांच्या काचा फुटून घरात बसलेली माणसे जखमी झाली. काचेचा तुकडा डोळ्यात गेला असेल तर चोळायचे नाही, धुवायचे नाही, वर कागदी कप ठेवून थेट इस्पितळ गाठायचे. रसायन गेले असेल तर मात्र उलट: आधी जागेवरच नळाखाली भरपूर पाणी, बाकीचे सगळे नंतर. क्षार म्हणजे अल्कली ॲसिडपेक्षा अधिक खोल जाते, आणि त्याने जळलेल्या खोबणीचे अस्तर इतके आक्रसते की कृत्रिम डोळा बसायला जागाच उरत नाही.

अशा आक्रसलेल्या खोबणीवर या पुस्तकात सर्वांत मोठे प्रकरण आहे, आणि ते तसे असायलाच हवे. खोबण बांधण्याचे खरे कौशल्य गोळा बसवण्यापेक्षा अस्तर राखण्यात आहे. अस्तर कमी पडले की खालचा ओठ उलटून त्याच्या आतली पातळ श्लेष्मल त्वचा घेतात आणि खोबणीत जोडतात. ओठ काही आठवड्यांत भरतो, तोवर तिखट खाता येत नाही. मिसळ बंद म्हटले की डोंबिवलीच्या रुग्णाचा चेहरा उतरतो. मांडीची किंवा हाताची कातडी वापरली तर ती पापणीमागे घामट, वासाची राहते, म्हणून शक्यतो टाळतात. जोडलेली त्वचाही आक्रसते, म्हणून हिशेबापेक्षा मोठी घ्यायची, खळग्याच्या तळाशी टाके हाडाच्या आवरणापर्यंत नेऊन बांधायचे, आणि कन्फॉर्मर महिनोन्‌महिने काढायचा नाही. अस्तर आणि भर दोन्ही कमी असतील तर पोटावरून किंवा नितंबावरून, वरची त्वचा सोलून, त्वचेखालचा थर चरबीसकट घेऊन खोबणीत बसवतात. बायरन स्मिथ आणि रॉबर्ट पेट्रेली यांनी 1978 मध्ये मांडलेली ही पद्धत. मोठ्यांमध्ये ती चरबी काही प्रमाणात विरघळते. लहान मुलांमध्ये मात्र ती मुलासोबत वाढते, कधी जरा जास्तच.

मुलांचा विचार सर्वस्वी वेगळा करावा लागतो. खोबणीचे हाड वाढते ते आतल्या भरावाच्या जोरावर. जन्मतः डोळा नसलेले किंवा अगदी बारीक डोळा असलेले बाळ, किंवा रेटिनोब्लास्टोमा या डोळ्याच्या कर्करोगामुळे वर्ष-दोन वर्षांचे असताना डोळा काढलेले मूल, यांची खोबण रिकामी राहिली तर चेहऱ्याची ती बाजू मागे राहते. दर पंधरा ते अठरा हजार जन्मांमागे साधारण एका मुलाला रेटिनोब्लास्टोमा होतो. फोटोत एका डोळ्यात लाल चमकेऐवजी पांढरी चमक दिसणे ही त्याची खूण, आणि ती पहिल्यांदा दिसते बहुधा आईला. वेळेत आले तर आज अनेक मुलांचे जीवच काय, डोळेही वाचतात. ठाणे जिल्ह्यातली कुटुंबे उपचारासाठी बहुधा परळच्या टाटा मेमोरियलला जातात. किमोथेरपीच्या तारखा, भूल देऊन तपासणी, त्यात शाळा. या धावपळीत कृत्रिम डोळा वाढत्या वयानुसार बदलायचा असतो हे मागे पडते. पाचव्या वर्षी बसवलेला डोळा दहाव्या वर्षी लहानच पडणार. शाळेत मुलाला 'काण्या' म्हणणारे भेटतात, पण घरातलेच मोठे शुभकार्याच्या वेळी त्याला मागे बसवतात, त्याचा घाव अधिक खोल जातो.

आणि मग 2021. कोविडच्या दुसऱ्या लाटेत काळ्या बुरशीने, म्हणजे म्युकरमायकोसिसने, जे केले ते या क्षेत्रातल्या कुणी आधी पाहिले नव्हते. मे महिन्यात कल्याण-डोंबिवली परिसरातून या आजाराच्या मृत्यूंच्या बातम्या आल्या. राज्याने याच महिन्यात त्याचा उपचार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत घेतला, केंद्राने राज्यांना तो अधिसूचित करायला सांगितले. देशभरच्या ऑक्युलोप्लास्टी सर्जनांनी मिळून 2826 रुग्णांची नोंद इंडियन जर्नल ऑफ ऑप्थॅल्मॉलॉजीमध्ये प्रसिद्ध केली. त्यात 78 टक्के रुग्णांना मधुमेह होता, 87 टक्क्यांना स्टिरॉइड दिलेले होते, 72 टक्क्यांत आजार खोबणीपर्यंत पोहोचला होता. 15 टक्क्यांना एक्झेंटरेशन करावे लागले, आणखी 17 टक्क्यांना सायनस साफ करण्याबरोबर एक्झेंटरेशन. मृत्यू 14 टक्के. ही बुरशी रक्तवाहिन्यांत शिरून त्या बंद करते. चीर दिली तरी रक्त येत नाही, ऊतक काळे, मेलेले असते. कुठवर काढायचे तर ताजे रक्त दिसेपर्यंत.

या रुग्णांनी आमच्या शाखेला नवा प्रश्न घातला. त्यांच्यापैकी अनेकांचा डोळा, गालाचे हाड, वरचा जबडा, टाळू यांतले बरेच काही गेले होते. पाणी प्यायले तर नाकातून येई. त्यांच्यासाठी डोळ्याच्या, कान-नाक-घशाच्या, जबड्याच्या आणि दाताच्या सर्जनांना एकाच टेबलाभोवती बसावे लागले. खोबण मांडीच्या पातळ कातडीने झाकायची, कानशिलाचा स्नायू वळवून भरायची, की मांडीचा जाड तुकडा रक्तवाहिन्यांसकट आणून जोडायचा? भरून टाकली तर चेहरा लवकर सावरतो, पण आत आजार परतला तर तो झाकला जातो. पहिले वर्षभर उघडी ठेवून लक्ष ठेवावे याकडे माझा कल आहे. सगळे सहकारी हे मान्य करणार नाहीत, आणि दोन्ही बाजू या पुस्तकात दिल्या आहेत. शेवटी बहुतेकांना सिलिकॉनचा पापण्यांसकट कृत्रिम भाग लागतो. तो गोंदाने चिकटवतात, चष्म्याला अडकवतात किंवा हाडात टायटॅनियमचे खुंट बसवून चुंबकाने धरतात. ठाण्याच्या मे महिन्यात, घामाने निथळत, सकाळच्या फास्ट लोकलमध्ये गोंद टिकत नाही. चुंबकाचा पर्याय महाग, पण नोकरीवर जाणाऱ्या माणसासाठी तोच टिकाऊ.

एक गोष्ट कुणापासूनही लपवू नये: या सगळ्याने दिसत नाही. 'नेत्रदानातला डोळा बसवता येईल ना?' हे नातेवाईक दर वेळी विचारतात. नेत्रदानातून बदलले जाते ते बुबुळावरचे पारदर्शक पटल. मे 2023 मध्ये न्यूयॉर्कमध्ये चेहऱ्यासोबत एक पूर्ण डोळा रोपला गेला. तो जगला, त्याला रक्तपुरवठा झाला, दृष्टी आली नाही. म्हणून उरलेल्या डोळ्याची राखण हा उपचाराचाच भाग: नंबर असो वा नसो, पॉलिकार्बोनेटचा चष्मा कायम. कृत्रिम डोळा रोज रात्री काढून ठेवायची गरज नाही, हात धुतल्याशिवाय हात लावायचा नाही, आणि वर्षातून एकदा पॉलिश करून घ्यायचा. ओरखडे पडलेल्या ॲक्रिलिकवर स्राव साठतो, आणि 'डोळ्यातून घाण येते' ही तक्रार बऱ्याचदा फक्त पॉलिशने जाते. त्यावर महिनाभर ड्रॉप्स देत राहणे निरर्थक.

कायदा या माणसांच्या बाबतीत फारसा उदार नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली 2018 मध्ये आलेल्या मोजणीच्या नियमांत एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा चांगला असेल, तर 30 टक्के दिव्यांगत्व धरले होते. बहुतेक सवलती 40 टक्क्यांपासून सुरू होतात. ही मोजणी नजरेची आहे, चेहऱ्याची नाही. मुलाखतीत समोरचा माणूस आपल्या एकाच डोळ्याकडे बघत बोलतो, लग्नाच्या बोलणीत फोटो एका बाजूनेच काढला जातो, याला टक्का नाही. म्हणून कृत्रिम डोळ्याचा खर्च 'सौंदर्यासाठी' या सदरात टाकून नाकारला जातो तेव्हा माझा तोल जातो. चेहरा पूर्ववत करणे आणि सौंदर्य वाढवणे यांतला फरक विमा कंपन्यांनी समजून घ्यायला हवा.

पुस्तकाचे शेवटचे परिशिष्ट एका पानाचे आहे आणि निवासी डॉक्टरांनी निदान तेवढे तरी वॉर्डाच्या भिंतीवर लावावे ही विनंती. डिस्चार्ज कार्डावर 'डोळा काढला' लिहून थांबू नका. तीन शस्त्रक्रियांपैकी कोणती केली ते लिहा. गोळा बसवला की नाही, कशाचा, किती मिलिमीटरचा, वेष्टन होते का, ते लिहा. गाठीसाठी काढला असेल तर पॅथॉलॉजीचा अहवाल कुठे मिळेल ते लिहा. कन्फॉर्मर ठेवला आहे हे लिहा आणि पडला तर काय करायचे ते मराठीत लिहा. बारा वर्षांनी तो रुग्ण दुसऱ्याच गावात, दुसऱ्याच सर्जनसमोर, पापणीवरचा खड्डा दाखवत बसलेला असेल. तेव्हा आत 16 चा गोळा आहे की 20 चा हे शोधायला त्याला पुन्हा सीटी स्कॅनच्या रांगेत उभे राहावे लागू नये.